पूजा यथासांग झाली

३० एप्रिल, बुधवार

वही सुहासिनीने दिली. तिचं म्हणणं, रेणूच्या पहिल्या सीझनबद्दल बोलून बोलून मी ऑफिस आणि मंडळ दोन्ही भंडावून सोडलंय, तेव्हा आता जे काही सांगायचं ते या वहीला सांगावं. बायकोचं ऐकण्यात शहाणपण असतं. तर वहीबाई, नोंद घ्या.

आमची रेणू, वय वर्षं चोवीस, यंदा स्पीडवेच्या वरच्या लीगमध्ये उतरते आहे. आठ संघ, एप्रिल ते ऑक्टोबर. आमच्या संघाचं नाव हेरन्स, म्हणजे बगळे. ट्रॅक इथून, म्हणजे अमेरिकेतल्या रेडमंडहून, दीड तासावर, डोंगराच्या पायथ्याशी. मातीची अंडाकृती वाट, त्यावर चार मोटरसायकली, चार फेऱ्या, मिनिटभरात खेळ खलास. याला हीट म्हणतात. अशा पंधरा हीट्सचा एक सामना, प्रत्येक हीटमध्ये दोन्ही संघांचे दोन-दोन जण. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक आणि चौथ्याला धूळ. गाडीला गिअर एकच आणि ब्रेक अजिबात नाही. वेग वाढवायचा तर थ्रॉटल पिळायचा आणि कमी करायचा तर सोडायचा. सगळा जीव त्या उजव्या मनगटात. सुहासिनीला या खेळातलं एकच खटकतं, की हे लोक प्रदक्षिणा उलट्या घालतात.

रेणू अकरा वर्षांची असताना पहिल्यांदा डर्टबाइकवर बसली, तेव्हा मी दोन दिवस जेवलो नव्हतो. आज माझ्यासारखा गळा काढून ओरडणारा बाप त्या ट्रॅकवर दुसरा नाही. माणूस बदलतो.

आज अक्षय्य तृतीया. नवी गाडी काल जुळून तयार झाली आणि मुहूर्त आयता चालून आला. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मंडळात सत्यनारायण सांगायला मोरेश्वरकाकाच, म्हणजे मीच लागतो, मग घरच्या पूजेला दुसरा भटजी कशाला? गॅरेज झाडलं, समई लावली. गाडीच्या कार्बोरेटरच्या तोंडावर यशोधनने तेलकट निळं फडकं बांधून ठेवलं होतं. देवाच्या कामाला असलं पारोसं फडकं बरं दिसत नाही, म्हणून सोडून बाजूला ठेवलं. हळद, कुंकू, झेंडूचं फूल वाहिलं, आणि अक्षता तर सढळ हाताने वाहिल्या. पोरीच्या जिवाचा प्रश्न, तिथे हात आखडून कसं चालेल? मग फडकं होतं तसं परत बांधलं.

यशोधन म्हणजे रेणूचा मेकॅनिक. कोल्हापूरचा मुलगा, वडिलांचं तिथे गॅरेज आहे, आणि हा इथे युनिव्हर्सिटीत पीएचडी करतो. उरलेला सगळा वेळ रेणूच्या गाड्यांवर. रेणू म्हणते नुसता मित्र आहे. असेल. संध्याकाळी आला आणि म्हणाला, ‘काका, कार्ब एकदा शेवटचं खोलून बघतो आणि मग फिल्टर बसवतो.’ मी म्हटलं, पूजा झालेली गाडी त्याच दिवशी उचकटायची नसते, सकाळी तूच तर सगळं बघून गेलास ना. त्याने डोकं खाजवलं आणि रेणूकडे पाहिलं. रेणू हसली. ‘बरं, काका म्हणतात तर राहू दे,’ म्हणाला आणि नुसता फिल्टर बसवला. कोल्हापूरची माणसं मोठ्यांचा मान राखतात.

पूजा यथासांग झाली.

४ मे, रविवार

हॉस्पिटल. रेणू झोपली आहे. उजव्या खांद्याचं हाड, उजवं मनगट आणि दोन बरगड्या. डोक्याला काही नाही. काही नाही, हे दहा वेळा विचारून घेतलं.

काल सामन्यात तिच्या पहिल्या दोन हीट्सना ती जुन्या गाडीवर होती, एकदा दुसरी आणि एकदा तिसरी आली. सातव्या हीटला नवी गाडी काढली. सुरुवातीची फीत वर गेली आणि ती सगळ्यांच्या पुढे. मी पिट्सच्या, म्हणजे गाड्या तयार करतात त्या आवाराच्या, कठड्यावर चढून ओरडत होतो. वळणाआधी इंजिनचा आवाज खाली यावा लागतो. तिघांचे आले. एक आवाज खाली आलाच नाही.

ती सरळ गेली. वळलीच नाही, सरळ कुंपणात.

यशोधन सकाळपर्यंत इथे भिंतीला टेकून उभा होता, कपड्यांना मेथनॉलचा, गाडीच्या इंधनाचा वास, बस म्हटलं तरी बसेना. निघताना म्हणाला, ‘काका, घरी गॅरेजमध्ये कुणी जाऊ नका. झाडू पण मारू नका, मी येऊन आवरतो.’ अशा वेळी गॅरेज कुणाला सुचतंय?

६ मे, मंगळवार

संघाचा मॅनेजर ग्लेन येऊन गेला. साठीचा माणूस, स्वतः वीस वर्षं रेस केलेला, एक पाय त्यातच आखूड झालेला. त्याने सांगितलं की थ्रॉटल पूर्ण उघडा असताना आत अडकला. यशोधनने त्याच रात्री पिट्समध्ये एकट्याने कार्बोरेटर खोलला आणि लेखी दिलं: फिल्टर नीट बसला नव्हता, त्यातून खडा आत गेला, चूक माझी.

रेणू छताकडे बघत म्हणाली, ‘He told me he checked, बाबा. मी विचारलं होतं त्याला.’ डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पुसायला तिचा हात मोकळा नव्हता. सुहासिनीने पुसलं.

मी बाहेर जाऊन त्याला फोन लावला आणि नाही नाही ते बोललो. म्हटलं, माझी मुलगी तुझ्या भरवशावर त्या गाडीवर बसते आणि तुला एक फिल्टर धड बसवता येत नाही, इंजिनीअर म्हणवतोस स्वतःला? तो एवढंच म्हणाला, ‘चुकलं काका.’ आमच्या घरी पाऊल ठेवू नकोस, असं सांगून मी फोन ठेवला. गॅरेज आवरायला येतो म्हणत होता ते आता कळलं. आपल्या चुकीचे पुरावे झाकायचे असतील.

११ मे, रविवार

हे लिहावं की नाही, याचा विचार दोन तास केला.

आज गॅरेज आवरायला घेतलं. टेबलाच्या कडेला ते निळं फडकं पडलं होतं. धुवायला टाकावं म्हणून झटकलं, तर घडीतून चार अक्षता खाली पडल्या. लालसर, माझ्याच हातच्या. कुंकवात तूप जरा जास्त झालं होतं, म्हणून एकमेकींना चिकटलेल्या.

मी स्टुलावर बसलो. फडकं काढलेलं असताना कार्बोरेटरचं तोंड सताड उघडं होतं. त्यावर मी अक्षता वाहिल्या. सढळ हाताने. मग वरून फडकं बांधून ठेवलं, आणि तो खोलून बघतो म्हणत असताना त्याला बघू दिलं नाही.

माझा धंदा टेस्टिंगचा. बावीस वर्षं एकाच कंपनीत लोकांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधतो. नुसत्या संशयावर आमच्यात काही चालत नाही, चूक पुन्हा घडवून दाखवावी लागते. शेल्फवर जुना कार्बोरेटर होता. घरातून तांदूळ आणले, कुंकू लावलं. एक दाणा तोंडात टाकला आणि थ्रॉटल पिळला. काही नाही. दुसरा. काही नाही. अकराव्या वेळेला आतली सरकपट्टी वर गेली ती गेलीच. पीळ सोडला तरी खाली येईना. खाचेत दाणा अडकला होता.

बावीस वर्षांत पहिल्यांदाच चूक सापडली आणि मी ती कुठेही नोंदवली नाही. तांदूळ वेचून कचऱ्यात टाकले आणि वर केळ्याची सालं टाकली.

१५ मे, गुरुवार

लीगच्या समितीची चौकशी होती, व्हिडिओ कॉलवर. मी रेणूच्या वतीने बसलो होतो. यशोधनने लिहून दिलेलं वाचून दाखवलं, तेच, फिल्टर आणि खडा. एकाने विचारलं की तो खडा कुठे आहे. यशोधन म्हणाला, साफ करताना गेला. खडा कसला, हे फक्त मला माहीत होतं.

शेवटी अध्यक्षबाईंनी विचारलं की रायडरच्या घरच्यांना काही सांगायचं आहे का. मी अनम्यूट केलं. स्क्रीनवर माझा चेहरा मोठा झाला आणि मागे आमच्या देवघराचा कोपरा दिसत होता. मी म्हणालो, ‘नो, थँक यू.’

निकाल: यशोधनला उरलेला सीझन कुठल्याही ट्रॅकच्या पिट्समध्ये प्रवेश नाही. या खेळात मेकॅनिकच्या नावाला हा डाग लागला की पुढे कुणी उभं करत नाही, असं ग्लेन म्हणाला. तसं म्हणताना त्याला वाईट वाटत होतं. मी मान डोलावली. माझ्या जिभेला काय झालं होतं कोण जाणे. खरं तर काय झालं होतं ते मला पक्कं माहीत आहे. मला लाज वाटली आणि ती दुसऱ्याच्या अंगावर टाकता येते आहे असं दिसलं, तेव्हा मी ती टाकली.

१ जून, रविवार

मंडळातल्या प्रल्हाद आणि अदितीकडे सत्यनारायण. मी नको म्हणत होतो, पण त्यांच्या नव्या घराची पहिलीच पूजा, आणि मोरेश्वरकाकांशिवाय कोण? सांगितली. खोटं बोलणाऱ्या त्या व्यापाऱ्याच्या नावेत धनाचा पाला होतो, तिथे मी ओळ चुकलो. लोकांना वाटलं काका मुलीच्या आठवणीने हळवे झाले. अदितीने पाणी आणून दिलं.

जेवताना विषय निघालाच. प्रल्हाद म्हणाला, आजकालची ही पोरं, नुसत्या डिग्र्या, हाताला शिस्त नाही, बरी अद्दल घडली त्याला. चार जणांनी दुजोरा दिला. मी मूग गिळून शिरा खाल्ला. दुसऱ्यांदा वाढला तोही खाल्ला.

आमच्या संघाचं नाव बगळे आहे. संघातला खरा बगळा कोण, हे आज कळलं.

१४ जून, शनिवार

इंडियन ग्रोसरीत यशोधन भेटला. मी कढीपत्त्याच्या मागे सटकणार होतो, पण त्याने पाहिलं. वाळलाय. जवळ येऊन वाकून नमस्कार केला, भर दुकानात. मी मागे सरलो.

‘रेणू कशी आहे?’ विचारलं.

मी म्हटलं, बरी आहे, मनगटाचा व्यायाम चालू आहे. मग म्हणाला, ‘काका, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आणि पूजा वगैरे सोडू नका हं. ती चांगलीच गोष्ट आहे.’

मुलीच्या दुखण्याचं मनाला लावून घेऊ नका, म्हणत असेल. पूजेचं मध्येच कुठून काढलं ते कळलं नाही. मुलगा सुस्वभावी आहे, म्हणूनच जास्त त्रास होतो. त्याने मला चार शिव्या घातल्या असत्या, तर आज मी जेवलो असतो.

४ जुलै, शुक्रवार

सगळीकडे फटाके. हेरन्स सहापैकी चार सामने हरले. रेणूच्या जागी आणलेला मुलगा बरा आहे, बस. रेणू टीव्हीवर सामने बघते आणि एकाच गोष्टीकडे बघते, रायडरच्या उजव्या हाताकडे.

सुहासिनी म्हणाली की रेणूने यशोधनचा नंबर ब्लॉक केलाय. त्याने पाठवलेलं एक पत्र न उघडता परत पाठवलंय. मला म्हणाली, ‘तू बोल ना तिच्याशी. तुझं ऐकते ती.’

बोलतो म्हणालो.

१९ जुलै, शनिवार

बोललो नाही.

१० ऑगस्ट, रविवार

काल रेणू परत उतरली. डॉक्टरांनी परवानगी दिली, ग्लेनने तिला राखीव रायडर म्हणून सातव्या क्रमांकावर ठेवलं. नवा मेकॅनिक जाडजूड, अबोल माणूस आहे, काम चोख करतो.

दोन हीट्स, एक गुण. गुणांचं काही नाही. पण वळण यायच्या कितीतरी आधी ती थ्रॉटल सोडून देते. बाकीचे अजून पिळत असतात, तेव्हा हिची गाडी गप्प झालेली असते. प्रत्येक वळणाला मी ती शांतता ऐकत होतो. ग्लेनने तिला सांगितलं, गाडीवर भरवसा ठेव. ती म्हणाली, ‘I trusted one guy with that throttle. Look how that went.’

मी हातातला टूलबॉक्स खाली ठेवला. पोरगी ज्या माणसाच्या भरवशावर उडत होती, तो माणूस मी तिच्यापासून तोडला. भरवशाला तडा जाण्यासारखं त्याने काही केलेलंच नाही, आणि हे जगात फक्त मला माहीत आहे. आता हे प्रकरण त्याच्या नावापुरतं राहिलेलं नाही. ती भ्यायली आहे. भीती घेऊन या खेळात राहणारा माणूस पुन्हा पडतो, असं ग्लेनच मागे एकदा म्हणाला होता.

तरी सांगितलं नाही. घरी येताना गाडीत ती शेजारी बसली होती, दीड तास.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. प्राणप्रतिष्ठेला अक्षता हातात घेतल्या आणि हात पुढे जाईना. सुहासिनीने हळूच विचारलं, काय झालं? म्हटलं, पाठ धरली. मग तिने माझ्या मुठीखाली हात धरून वाहून घेतल्या. देवासमोर बायकोशी खोटं बोललो. एका वेळी दोन्ही साधलं.

१३ सप्टेंबर, शनिवार

ग्लेनला ईमेल लिहिली. ड्राफ्टमध्ये ठेवली. मागच्या तीन तिथेच आहेत. चौथीत व्याकरण सुधारलं आहे.

२८ सप्टेंबर, रविवार

कसे कोण जाणे, हेरन्स अंतिम सामन्यात पोहोचले. शनिवारी, चार तारखेला, आमच्याच ट्रॅकवर.

आज दुपारी जेवताना रेणू म्हणाली, ‘बाबा, गुरुवारी दसरा आहे ना? गाडीची पूजा कर ना. ग्लेन पण विचारत होता, he wants it for luck. मे महिन्यात तू इतकं छान केलं होतंस. नंतर यशोधनने सगळी वाट लावली, ती वेगळी गोष्ट.’

मी घास तोंडात ठेवून बसून राहिलो. सुहासिनी माझ्याकडे बघत होती. मी उठून बाहेर गेलो आणि ड्राइव्हवेवर पावसात उभा राहिलो. छप्पन्न वर्षांचा माणूस. स्वतःच्या मुलीने आपल्याला छान म्हटलं म्हणून तोंड लपवायला घराबाहेर आला.

उद्या आधी यशोधनकडे जाणार. आधी त्याच्याकडे. लिहून ठेवतो म्हणजे फिरता येणार नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

गेलो.

युनिव्हर्सिटीजवळ एक खोली आणि स्वयंपाकाचा ओटा. मला दारात बघून तो घाबरला, रेणूला काही झालं का, हे पहिलं विचारलं. मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं: फडकं मी काढलं होतं, अक्षता मी वाहिल्या, गाडी मी तुला खोलू दिली नाही, अकरा मेपासून मला माहीत आहे आणि चौकशीत मी तोंड उघडलं नाही. एका दमात. मग बसलो.

त्याने टेबलाचा खण उघडला आणि एक छोटी प्लॅस्टिकची पिशवी माझ्यासमोर ठेवली. आत तांदळाचा एक दाणा होता. अर्धा लाल, एका बाजूने दबलेला.

‘त्या रात्री पिट्समध्येच सापडला,’ म्हणाला. ‘उघडल्या उघडल्या.’

म्हणजे तो फोनवर माझं ऐकून घेत होता तेव्हा त्याला माहीत होतं. व्हिडिओ कॉलवर माहीत होतं. दुकानात वाकला तेव्हा माहीत होतं. गॅरेज झाडू नका म्हणाला ते माझ्यासाठी म्हणाला. त्याचं प्रत्येक वाक्य मी ऐकलं होतं, या वहीत लिहिलंही होतं, आणि मला एकही कळलं नव्हतं.

मी विचारलं, का रे? माझ्यासाठी कशाला?

‘तुमच्यासाठी नाही काका,’ तो म्हणाला. ‘रेणू हॉस्पिटलमध्ये होती आणि तुम्ही तिच्या उशाशी होतात. तेव्हा तिला हे कळलं असतं, तर उशाशी कोण बसलं असतं? मेकॅनिक दुसरा मिळतो.’ मग खाली बघत म्हणाला, ‘आणि चूक माझीही होतीच. रेस करायच्या आधी कार्ब खोलून बघायचं असतं, माझे वडील रोज सांगायचे. मी तुमच्या भिडेला बळी पडलो. तुम्हाला नाही म्हणायला हवं होतं. तिथे मी मेकॅनिक होतो, तुमचा पुतण्या नव्हतो.’

मला रडू आलं. त्याने चहा केला. कोल्हापुरी चहा, साखर मण दोन मण. मी पिशवी मागितली. त्याने दिली.

३० सप्टेंबर, मंगळवार

रेणूला सांगितलं. गॅरेजमध्ये, गाडीसमोर. सुहासिनीलाही बोलावून घेतलं, म्हणजे दोनदा सांगावं लागू नये, एवढा स्वार्थ अजून शिल्लक होता.

रेणूने पिशवी हातात घेतली, उजेडात धरून पाहिली. मला वाटलं होतं ती अक्षतांबद्दल बोलेल, खांद्याबद्दल बोलेल. ती म्हणाली, ‘पाच महिने, बाबा.’

मी म्हटलं, हो.

‘तुला माहितेय मी त्याला काय काय बोलले? हॉस्पिटलमधून मेसेज केला होता. I told him I wished it was his arm. आणि तू शेजारी बसून मला सफरचंद भरवत होतास.’

हो, भरवत होतो. अकरा तारखेनंतरही भरवत होतो. इतके दिवस मला वाटत होतं की लाज फक्त माझी आहे, मीच ती गिळून बसलोय. आज बघितलं तर तिच्या चेहऱ्यावर तीच होती. माझीच, तिच्या वाट्याला आलेली. ती किल्ली घेऊन निघून गेली. कुठे ते विचारायची गरज नव्हती.

सुहासिनी म्हणाली, ‘गणपतीत पाठ धरली नव्हती तर.’ आणि आत गेली.

चारही ड्राफ्ट पुसून ग्लेनला नवी ईमेल लिहिली आणि समितीलाही. तीन ओळी लागल्या. व्याकरण तपासलं नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. पूजा नाही. सुहासिनीने दोघांना सोनं दिलं, म्हणजे अंगणातल्या मेपलची पानं, इथे आपटा कुठला. रेणूने तिच्याकडून घेतलं. मी तिला द्यायला हात पुढे केला नाही.

ग्लेनचं उत्तर आलं. बंदी शनिवारच्या आत उठणं शक्य नाही, पण नोंद दुरुस्त होईल, पुढच्या सीझनला यशोधनचं नाव साफ असेल. माझा पिट्सचा पास त्याने काढून घेतलाय, योग्यच केलं. दुरुस्त नोंदीत कारण म्हणून ‘बाहेरची वस्तू’ लिहितो म्हणाला, माझी अब्रू राखायला. भला माणूस. मी कळवलं की तसं नको, ‘तांदूळ, रायडरच्या वडिलांनी टाकलेला’ असं लिही. चुकीची नोंद अर्धवट ठेवायची नसते, हे मी नव्या पोरांना दरवर्षी शिकवतो.

५ ऑक्टोबर, रविवार

शुक्रवारी संध्याकाळी यशोधन घरी आला. पिट्समध्ये बंदी आहे, गॅरेजमध्ये नाही. दोघांनी मिळून कार्बोरेटर खोलला. मी दारात उभा होतो, मला कुणी आत बोलावलं नाही. तिने एक-एक भाग हातात घेऊन पाहिला आणि त्याला परत दिला. शेवटी फिल्टर बसवल्यावर यशोधनने मागे न बघता हात पुढे केला आणि म्हणाला, ‘काका, फडकं द्या.’ शेल्फवर होतं, निळं. मी धुवून ठेवलं होतं. दिलं.

काल सामना. यशोधन आणि मी तिकीट काढून प्रेक्षकांत, दुसऱ्या वळणापाशी उभे राहिलो. पाच महिन्यांपूर्वी ती जिथे सरळ गेली, बरोबर तिथे. दहाव्या हीटला रेणू उतरली. निळं हेल्मेट. फीत वर गेली. वळण आलं. मी डोळे मिटले आणि कान उघडे ठेवले. मला त्या लवकर येणाऱ्या शांततेची सवय झाली होती. ती आली नाही. चारही आवाज एकत्र आले, एकत्र खाली गेले आणि एकत्र वळले.

‘बघा काका,’ यशोधन म्हणाला. ‘डोळे उघडून बघा.’

ती दुसरी आली. दोन गुण. हेरन्स सेहेचाळीस-चव्वेचाळीसने हरले, याचं मला काल काही वाटलं नाही, आज थोडं वाटतंय. सामन्यानंतर ती चिखलाने माखलेली कुंपणापाशी आली. यशोधनशी बराच वेळ बोलली. माझ्याकडे वळली तेव्हा काहीतरी बोलेल असं वाटलं. हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं आणि परत पिट्सकडे गेली. ते मी दीड तास मांडीवर घेऊन घरी आलो. माफ केलं असा याचा अर्थ नाही, तिला फक्त हात मोकळे हवे असतील. मी आता कशाचाही सोयीचा अर्थ काढायचा नाही असं ठरवलंय.

सकाळी ती पिशवी काढली. देवघरात ठेवायची माझी लायकी नाही, कचऱ्यात एकदा टाकून झालंय. म्हणून ही वही मागे उलटली आणि दाणा चिकटपट्टीने तीस एप्रिलच्या पानावर लावला, शेवटच्या ओळीच्या शेजारी. ‘पूजा यथासांग झाली’ असं तिथे लिहिलंय. ते खोडलं नाही. वही टेबलावर उघडीच ठेवून चहा करायला जातोय. रेणू उठली की तिला दिसेल.